दहापैकी चार

एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत हर्षलने ती ओळ वाचली आणि तो जिन्यातच थांबला. ओळ इंग्रजीत होती आणि अगदी सभ्य होती. कुणी अनोळखी माणूस लिहीत होता, की तुमचं परीक्षण मला फार आवडलं, पण त्रेचाळिसाव्या पानाबद्दल तुम्ही जे म्हणता ते माझ्या प्रतीत दिसत नाही. तुम्ही म्हणता, थोरला भाऊ आधी उत्तर देतो आणि धाकटा मग प्रश्न विचारतो, आणि सगळ्या पुस्तकाचं मर्म यातच आहे. माझ्या प्रतीत तर धाकटा आधी विचारतो. तुम्ही डावीकडून वाचलंत का? खाली एक हसरं तोंड. वरून बायकोने, जयमालेने विचारलं, का थांबलात, काही विसरलं का. हर्षल म्हणाला, काही नाही. जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या तो नेहमीसारखाच उतरला, पण खाली आल्यावर गाडीची किल्ली कुठे आहे हे त्याला पटकन आठवेना. ती त्याच्या हातातच होती.

हर्षल पंजाबराव, मूळचा देऊळगाव राजाचा, वय तेहेतीस, बुलढाण्याच्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. जपानी चित्रकथा, ज्यांना मांगा म्हणतात, तो गेली चौदा वर्षं वाचत आला आहे. या वयात चित्रांची पुस्तकं, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं तर तो हसून सोडून द्यायचा, कारण त्याच्याजवळ एक वही होती आणि त्या वहीत तो कुणालाही सामील करून घेत नसे. वहीत दोन रकाने. एक ‘माझे’, एक ‘जगाचे’. जगाचे म्हणजे एका संकेतस्थळावर लाखो वाचकांनी दहापैकी दिलेल्या गुणांची सरासरी. तलवारीच्या मारामारीची एक लांबलचक मालिका होती, तिला जगाने नऊ दिले होते, हर्षलने पाच. शाळेतल्या मुलामुलींची एक रडकी गोष्ट होती, जगाचे पावणेनऊ, हर्षलचे चार. दोन्ही आकड्यांत जेवढं अंतर जास्त तेवढा त्याला आनंद जास्त, आणि हा आनंद वाचनाचा नव्हे हे त्याला कधी जाणवलं नव्हतं. जगापेक्षा आपण वेगळे आहोत याचा हा दाखला होता, आणि तो दर महिन्याला आपला आपल्यालाच देता येत होता. बायकोला, भावाला, प्राचार्यांना तो कधी उलटून बोलला नाही. बोलायचं ते सगळं त्या रकान्यात बोलून झालेलं असायचं.

आणि या सगळ्या वहीचा पाया म्हणजे ते हमामखान्याचं पुस्तक. जपानमधलं एक लहानसं गाव, त्यातला सार्वजनिक स्नानाचा जुना हमाम, तो चालवणारे दोन भाऊ, आणि हमाम बंद करायचा की नाही एवढीच गोष्ट. जगाचे सहा पूर्णांक एक. हर्षलचे दहा. त्याच्या वहीतले एकुलते एक दहा. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अजहरने ते जालन्याहून आलेल्या एका पेनड्राइव्हमधून काढलं होतं. अजहर देऊळघाटचा, पिंजारी बद्रुद्दीनचाचांचा मुलगा, त्याच्याच वर्गात. कॉलेज सुटलं की तो कोर्टासमोरच्या मामूच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. त्याने फावल्या वेळात एकशे ऐंशी पानं छापली, डावीकडे स्पायरल मारलं आणि आणून दिली. हर्षलने आयुष्यात वाचलेलं ते पहिलं मांगा. आणि त्यात काय अजब होतं, तर माणसं विचारायच्या आधीच उत्तर द्यायची. थोरला म्हणतो, ‘हो, मी राहीन.’ शेजारच्या चौकटीत धाकटा म्हणतो, ‘तू राहशील ना?’ बाई आधी रडते, मग पत्र उघडते. हर्षल एकोणीस वर्षांचा होता, खोलीत एकटा राहत होता, इंग्रजी अर्धवट कळत होतं, आणि त्याला वाटलं होतं की खरंच असंच असतं. उत्तरं माणसाच्या आत आधीपासून तयार असतात, प्रश्न बिचारे मागाहून येतात. त्या एका विचारावर त्याने नंतरचं बरंच काही उभं केलं. इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, नोकरीच्या मुलाखतीत हेच सांगून टाळ्या मिळवल्या, आणि चार वर्षांपूर्वी त्या संकेतस्थळावर हजार शब्दांचं परीक्षण लिहिलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्याच्या परीक्षणामुळे पुस्तकाचे सहा पूर्णांक एकाचे सहा पूर्णांक तीन झाले होते, आणि ते दोन दशांश आपले आहेत असं तो मनातल्या मनात म्हणायचा.

कॉलेजच्या आवारात गाडी लावून त्याने लिंबाखाली उभ्या उभ्या फोनवर त्रेचाळिसावं पान उघडलं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. हे त्याला ठाऊक होतं, अगदी चांगलं ठाऊक होतं, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी हातात आलेल्या एका छापील पुस्तकात पहिल्याच पानावर बाण काढून तशी सूचना दिली होती, आणि तेव्हापासून वाचलेली शेकडो पुस्तकं त्याने उजवीकडूनच वाचली होती. फक्त त्या पहिल्या पुस्तकाकडे तो नियम घेऊन तो कधी परत गेला नव्हता. छापताना पानांचा क्रम बरोबर होता, पानावरच्या चौकटीच तेवढ्या उलट्या बाजूने वाचल्या गेल्या होत्या. आता त्याने बोट उजव्या कडेला ठेवलं आणि डावीकडे आणलं. ‘तू राहशील ना?’ ‘हो, मी राहीन.’ मग चव्वेचाळिसावं. बाई पत्र उघडते, आणि रडते. पंचेचाळिसावं, सेहेचाळिसावं. चार साधी माणसं एकमेकांना विचारत होती आणि उत्तरं देत होती, आणि गोष्ट बरी होती. बरी, म्हणजे सहा. तास सुरू झाल्याची घंटा झाली तेव्हा त्याला एवढंच वाटलं की आपण फार वर्षं कुणाच्या तरी घरात राहत होतो आणि ते घर आपलं नव्हतं.

गंमत अशी, की याची लाज त्याला फार वाटली नाही. बारावीच्या वर्गाला कविता समजावून सांगताना, फळ्यावर शब्दार्थ लिहिताना, तो स्वतःशीच थोडा हसलाही. परीक्षण काढून टाकू, किंवा राहू देऊ. कुठे कोण ओळखतं आपल्याला. पण फळा पुसायला वळला तेव्हा त्याचा हात डावीकडून उजवीकडे चालला होता, आणि त्याच क्षणी त्याला अजहरचे सोळा कागद आठवले. वर्ग मागे शांत बसला होता. हर्षल डस्टर धरून तसाच उभा राहिला. बोटांवरची पांढरी भुकटी त्याला दिसत होती. ते कागद कधीचे? दिवाळीचे. पुस्तक वाचलं जुलैत. उजव्या बाजूचा नियम कळला पुढच्या वर्षी. त्याने तीनदा हिशेब लावला आणि तीनदा तेच निघालं. मग पुढच्या बाकावरची प्राची म्हणाली, सर, तो शब्द पुसला गेला, लिहून घ्यायचा राहिला. त्याने तो पुन्हा लिहिला.

त्या दिवाळीत अजहरने स्वतः एक मांगा काढलं होतं. लीगल आकाराचे सोळा कागद, काळं पेन, कोपऱ्यात पानांचे आकडे, आणि सबंध गोष्टीत एकही शब्द नाही. त्याने ते फाइलमध्ये घालून हर्षलच्या खोलीवर आणले होते आणि दाराशी चप्पल काढता काढताच म्हणाला होता, पाहा बरं. हर्षल वाचत असताना अजहर पलंगाच्या कडेवर बसून होता आणि हलला नव्हता. गोष्ट एका पिंजाऱ्याची. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली, डोक्याला रुमाल, थोडा वाकलेला; ते बद्रुद्दीनचाचाच होते, हे कुणीही सांगितलं असतं. एका घरी तो जुनी रजई उसवतो, कापूस पिंजतो, पुन्हा भरतो. नवव्या पानावर दोनच मोठ्या चौकटी. हर्षलने डावीकडची आधी पाहिली. त्यात पिंजाऱ्याचा हात कापसात खोल गेला होता. मग उजवीकडची. त्यात त्याच हाताच्या तळव्यावर लहान बाळाचा चांदीचा वाळा होता. पुढच्या पानावर रजई शिवून तयार, आणि मग पिंजारी आपल्या वाटेने घरी. हर्षलने कागद पलंगावर ठेवले. वहीची सवय नुकतीच लागली होती. ‘दहापैकी चार,’ तो म्हणाला होता. ‘काही जुळूनच नाही राह्यलं बे. अन् तुह्या अब्बाले चोर दाखवायचं होतं काय तुले?’

हे वाक्य त्याने चेष्टेत म्हटलं होतं. मित्रांत असं चालतं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं आणि आज सकाळपर्यंत वाटत होतं. खरं तर ते वाक्य त्याला आज सकाळपर्यंत आठवतही नव्हतं. अजहर काय म्हणाला होता? ‘हाव, तसंच कायतरी,’ असं म्हणून त्याने कागद गोळा केले होते. दोघं मग चहाला गेले होते. त्यानंतर अजहरने काही काढलेलं हर्षलला आठवत नव्हतं. वहीतला अजहरचा रकानाही त्याच सुमारास बंद पडला. हो, आधी वहीत तीन रकाने होते. हमामखान्याच्या पुस्तकाला अजहरने सहा दिले होते, आणि याला डोळाच नाही, हा जगाच्या रांगेत उभा राहणारा माणूस, असं हर्षलने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे काही वाचायला दिलं आणि मत विचारलं की अजहर म्हणायचा, तुले जास्त समजते, तू सांग. हर्षलने तो मोठेपणा चौदा वर्षं मुकाट्याने घेतला होता. बद्रुद्दीनचाचा गेले तेव्हा तो देऊळघाटला गेला होता, अंगणात बाजेवर बसला होता, अजहरच्या खांद्यावर हात ठेवून खरा माणूस होता रे, असं म्हणालाही होता. अजहर तेव्हा त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिला होता. का पाहत होता, हे आता कळत होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

दुपारी तास नव्हते. घरी येऊन त्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. मूळ कागद अजहर घेऊन गेला होता, पण त्याने सोबत आणलेली झेरॉक्स प्रत हर्षलने ठेवून घेतली होती, कारण तो काहीच टाकत नसे. पहिल्या पानाच्या डोक्यावर हर्षलच्याच अक्षरात, तेव्हा अजहरसमोरच, पेन्सिलीने चार लिहिलेले, भोवती गोल. जयमाला भाजी निवडत होती. तिने एकदा पाहिलं आणि पंखा लावून दिला. हर्षल जमिनीवर बसला आणि उजवीकडून वाचू लागला. दारात पिंजारी उभा राहतो, मग बाई दार उघडते. आधीच्या वाचनात बाई आधीच दार उघडून कुणाची तरी वाट पाहत होती. घरात खुंटीला गुंडाळलेला पाळणा टांगलेला आहे, बाळ मात्र कुठेच नाही; पाळणा तोही त्याने तेव्हा पाहिला होता, पण सामान म्हणून. पिंजारी रजई उसवतो. नवव्या पानावर आधी उजवीकडची चौकट येते. जुन्या कापसातून निघालेला वाळा तळव्यावर आहे. मग डावीकडची. हात कापसात खोल जातो. तो वाळा परत ठेवतो आहे. कुणाला न सांगता, नव्या पिंजलेल्या कापसाच्या मधोमध. शेवटच्या पानावर बाई रजई अंथरते, आणि तिचा हात एका कोपऱ्याशी थांबतो. गोष्ट तिथे संपते.  हर्षलला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही. 

कोर्टाकडे जाताना तो मुद्दाम चालत निघाला. गाडीवर गेलो असतो तर फार लवकर पोचलो असतो, असा साधा भित्रा विचार होता त्यात. न सांगितलं तर काय होईल, हे त्याने कारंजा चौकापर्यंत पडताळून पाहिलं. काहीच होणार नाही. अजहरचं दुकान बरं चाललं होतं, मामूकडून घेतलेलं, दोन मशीन, एक संगणक, बाइंडिंग; बायको सरवरी घरून शिवणकाम करायची, मुलं शाळेत जायची. महिन्यातून एकदोनदा दोघं चहा प्यायचे. चौदा वर्षांपूर्वीच्या एका चेष्टेवरून कुणाची झोप उडाली होती असं दिसत नव्हतं. उलट सांगायला जाणं म्हणजे आपल्या मनावरचं ओझं उतरवून दुसऱ्याच्या दुकानात ठेवून येणं, असंही त्याला वाटलं, आणि हा विचार इतका शहाणा वाटला की तो एका रसवंतीपाशी दोन मिनिटं थांबला. पण न सांगण्यात एक अडचण होती. मग ते चार तसेच राहिले असते, आणि ते खोटे होते. मनात त्याने नवा आकडा केव्हाच तयार ठेवला होता. नऊ. नऊ म्हणायचं, माफी मागायची, आणि अजहरचा चेहरा उजळताना पाहायचा.

दुकानात दुपारची सामसूम होती. अजहर एका जाड फाइलच्या कडा कटरने सारख्या करत होता. ये बैस, म्हणाला, आणि स्टुलावरचे कागद उचलले. हर्षलने बसायच्या आधीच झेरॉक्स काउंटरवर ठेवले. अजहरने पहिलं पान ओळखलं, त्याच्या डोक्यावरचा पेन्सिलीचा गोलही ओळखला, आणि कटर बाजूला ठेवून पातं आत सरकवलं.

‘हे म्या उलटं वाचलं होतं बे,’ हर्षल म्हणाला. ‘डावीकडून. मले तवा माहीतच नव्हतं.’

‘मले माहीत होतं,’ अजहर म्हणाला. ‘तू वाचत होता अन् मी तुह्या बोटाकडे पाहून राह्यलो होतो.’

‘मंग बोलला काऊन नाही?’

 उर्दू शाळेत गेलेल्या माणसाला पान कुठून सुरू होतं हे कुणी सांगावं लागत नाही, तेव्हा हर्षलला असं काही सांगावं लागेल हे आधी आपल्या डोक्यातच आलं नव्हतं, असं अजहर म्हणाला. मग ते बोट डावीकडे टेकलेलं दिसलं. पहिल्याच पानावर सांगणार होता. पण त्याला हमामाचं पुस्तक आठवलं.

‘ते बी तू डावीकडूनच वाचलं असशील, हे मले तवाच कळलं,’ अजहर म्हणाला. ‘उलटं वाचून बी त्याले तू दहा देले. म्या म्हटलं, म्हणजे चांगलं असते ते कुठूनही वाचलं तरी चांगलंच दिसते. मंग पाहू माह्यं. तं माह्याच्यात अब्बा चोर दिसले.’ त्याने पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवलं. ‘उलटं वाचलं तरी ते चोर दिसाले नको होते. तेवढं मले काढता आलं नाही. चार बरोबर होते.’

हे सगळं तो शांतपणे सांगत होता, तक्रार म्हणून नाही, एखादं काम का बिघडलं ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं. हर्षलला ओरडून सांगायचं होतं की ते दहा पुस्तकाचे नव्हते, ते माझ्या चुकीचे होते, त्या मापाने तू स्वतःला कसं मोजलंस. त्याने यातलं बरंचसं अडखळत सांगितलंही. अजहर ऐकत राहिला, मान हलवत राहिला, आणि हर्षलच्या लक्षात आलं की चौदा वर्षं पक्की बसलेली गोष्ट अशी एका दुपारी हलत नसते. मग तो एवढंच म्हणाला, की मला वाचून दाखव. अजहर हसला. त्यात एक शब्द तरी आहे का, वाचून काय दाखवू, म्हणाला. तरी त्याने हात पॅन्टला पुसले, कागद दोघांच्या मध्ये ओढले आणि पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मध्येच एक म्हातारे गृहस्थ प्रतिज्ञापत्राच्या प्रती काढायला आले, त्या काढून झाल्या, आणि अजहर पुन्हा सातव्या पानावर आला. तो काही बोलत नव्हता, बोट तेवढं चौकटीवरून चौकटीवर नेत होता, आणि नवव्या पानावर ते बोट वाळ्यापाशी जरा जास्त वेळ राहिलं. असं खरंच झालं होतं का, हर्षलने विचारलं. अब्बांनी एकदाच सांगितलं होतं, घर कुणाचं ते नव्हतं सांगितलं, अजहर म्हणाला. शेवटचं पान झालं. हर्षलने तोंड उघडलं, नऊ ओठांवर आलेच होते, पण अजहर त्याच्याकडे पाहत नव्हता. तो सगळी पानं काउंटरवर पसरून, चष्मा कपाळावर सरकवून, कुणा परक्याचं काम पाहावं तसा ती पाहत होता. बाईचे हात दोन ठिकाणी पुरुषासारखे झाले होते. चौथ्या पानाची गरज नव्हती. पाळणा चांगला होता. शेवटचा हात फार चांगला होता.

‘सहा,’ अजहर म्हणाला.

हर्षलने पुन्हा पाहिलं. सहा बरोबर होते. त्याला ते फार लागलं, कारण नऊ म्हणणं किती सोपं होतं आणि त्यात पुन्हा एकदा अजहरकडे न पाहणंच होतं. ‘सहा,’ तोही म्हणाला. अजहरच्या चेहऱ्यावर एक लहानसं समाधान आलं, आपला अंदाज जुळल्याचं. त्याने पानं क्रमाने लावायला घेतली.

‘तवा सहा म्हणला असता ना,’ तो कागदाच्या कडा ठोकून सारख्या करत म्हणाला, ‘तं म्या दुसरं काढलं असतं.’

‘कशाचं होतं दुसरं?’

अजहरचा हात थांबला. तो रस्त्याकडे पाहत विचार करू लागला, खरोखर मन लावून, कपाळाला आठ्या घालून, आणि हर्षल वाट पाहत राहिला. कोर्टातून दोन वकील आले, फाइल झाली का, म्हणाले. अजहरने त्यांना हाताने थांबवलं. 

‘नाही आठवत बे,’ तो म्हणाला. ‘तवा पुरं होतं डोक्यात.’ आणि त्याने वकिलांची फाइल पुढे ओढली.